गच्चीवरून चंद्रांतर

नेरुळ-सीवूड्सच्या बहुतेक गच्च्यांवरून खरे क्षितिज दिसत नाही. पूर्वेला पारसिकच्या डोंगररांगेची कड आडवी येते, पश्चिमेला खाडीपलीकडे ट्रॉम्बेची टेकडी उभी असते आणि उरलेल्या दिशा इमारतींनी आपापसांत वाटून घेतल्या आहेत. सेक्स्टंट, म्हणजे कोन मोजण्याचे नाविकांचे आरशांचे यंत्र, घेऊन सूर्याची किंवा ताऱ्याची क्षितिजापासूनची उंची मोजायची, तर आकाश आणि पाणी जिथे मिळते ती रेघ स्वच्छ दिसावी लागते. ती नसेल तर बोटीवरचे रोजचे खगोलीय नौकानयन तिथेच थांबते. मात्र जुन्या नाविकांच्या पोतडीत एक मोजमाप असे होते, की ज्याच्या मुख्य आकड्याला क्षितिजाची गरजच पडत नाही. चंद्राची कड आणि सूर्याची कड यांच्यामधला कोन, किंवा चंद्र आणि एखादा ठरावीक तारा यांच्यामधला कोन, एवढेच मोजायचे. यालाच चंद्रांतर म्हणू. आमच्या इमारतीत राहणाऱ्या एका निवृत्त कॅप्टनसाहेबांनी त्यांचा जुना सेक्स्टंट माझ्या हवाली केल्यापासून शुक्ल पक्षातल्या मोकळ्या दुपारी मी याच उद्योगात असतो. याचा आज व्यवहारात उपयोग नाही, हे आधीच मान्य करतो.

मूळ कल्पना साधी आहे. रेखांश म्हणजे दोन ठिकाणांच्या वेळांमधला फरक. पृथ्वी तासाला 15 अंश फिरते, म्हणून नेरुळची स्थानिक वेळ ग्रीनिचच्या वेळेपेक्षा 4 तास 52 मिनिटांनी पुढे असेल, तर नेरुळ 73 अंश पूर्वेला आहे. स्थानिक वेळ सूर्याकडे पाहून कोठेही काढता येते. अडचण असते ती त्याच क्षणी ग्रीनिचला किती वाजले आहेत हे समजण्याची. त्यासाठी एकतर ग्रीनिचची वेळ दाखवणारे घड्याळ सोबत न्यावे, नाहीतर जगातल्या सगळ्यांना एकाच वेळी दिसणारे घड्याळ आकाशात शोधावे. चंद्र हे ते घड्याळ. ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर तो दिवसाला सुमारे 13 अंश सरकतो आणि सूर्यापासूनचे त्याचे अंतर तासाला साधारण अर्ध्या अंशाने बदलते. हे अंतर अमुक इतके असेल तेव्हा ग्रीनिचला किती वाजलेले असतील, हे आधी गणित करून छापून ठेवले, की झाले.

पण हा काटा फारच सावकाश चालतो. मोजमापात एका कलेची, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाची चूक झाली, तर वेळेत सुमारे दोन मिनिटांची आणि रेखांशात अर्ध्या अंशाची चूक होते. आपल्या अक्षांशावर अर्धा अंश म्हणजे सुमारे 52 किलोमीटर. नेरुळला बसलेला माणूस घाट चढून लोणावळ्यापलीकडे कामशेतच्या आसपास जाऊन पोचतो. म्हणून ही सारी विद्या कलेच्याही लहान-लहान भागांच्या हिशेबावर उभी आहे, आणि तिचा खरा भार डोळ्यांपेक्षा गणितावर आहे.

पंचांग उघडणाऱ्या मराठी माणसाला यातले अर्धे आधीच माहीत असते, फक्त तो ते या नावाने ओळखत नाही. तिथी म्हणजे दुसरे काय? चंद्र सूर्यापासून 12 अंश पुढे गेला की एक तिथी संपते. शुक्ल सप्तमी अमुक वाजून अमुक मिनिटांपर्यंत, असे पंचांगात छापलेले असते, तेव्हा त्याचा अर्थ त्या क्षणी चंद्र-सूर्यांमध्ये बरोबर 84 अंशांचे अंतर असते. हे अंतर क्रांतिवृत्तावर, म्हणजे सूर्याच्या आकाशातल्या वार्षिक वाटेवर, मोजलेले असते, आकाशात सरळ मोजलेले नसते. चंद्र क्रांतिवृत्तापासून पाच अंशांपर्यंत वर-खाली जात असल्यामुळे दोन्हींत थोडा फरक पडतो. 72 अंशांच्या आसपास तो चार कलांपर्यंत जातो, म्हणजे वेळेत सुमारे आठ मिनिटे. नाविकांच्या पंचांगात थेट आकाशातले अंतर दिलेले असे, कारण सेक्स्टंट तेच मोजतो.

आपल्याकडे तिथीवरून झालेले वादही याच मुळापर्यंत जातात. ‘बाणवृद्धी रसक्षय’ हे जुन्या पंचांगकर्त्यांचे सूत्र. तिथी साठ घटिकांपेक्षा (घटिका म्हणजे 24 मिनिटे) फार तर पाच घटिका वाढेल किंवा सहा घटिका घटेल, असे ते सांगते. प्रत्यक्ष वेध घेतला तर तिथी सुमारे 20 तासांपासून ते 26 तासांहून अधिक काळापर्यंत कमी-जास्त होताना दिसते. याचे कारण असे, की जुन्या गणितात चंद्राला मुख्यतः एकच मोठा संस्कार, म्हणजे गणिती दुरुस्ती, दिलेला होता आणि तो ग्रहणे जुळावीत अशा बेताने बसवलेला होता. त्यामुळे अमावास्या-पौर्णिमेला चंद्र जागेवर सापडे, पण अष्टमीच्या सुमारास तो एका अंशाहूनही अधिक चुकू शके. व्रतवैकल्यांना ही चूक पुष्कळ काळ चालून गेली. समुद्रावर एका अंशाची चूक म्हणजे दोन तास, आणि दोन तास म्हणजे रेखांशाचे 30 अंश. एकोणिसाव्या शतकात कुलाब्याच्या वेधशाळेत काम केलेल्या केरो लक्ष्मण छत्रे यांनी युरोपीय कोष्टकांच्या आधारे वेधाशी जुळणारे पंचांग मराठीत आणले. त्यावरून पुढे जो गदारोळ झाला तो धर्मशास्त्राचा होता, पण भांडणाचे मूळ चंद्राच्या त्या चुकार अंशात होते.

आता प्रत्यक्ष मोजणीकडे येऊ. सेक्स्टंटवर 120 अंशांच्या थोडे पुढेपर्यंत कोन वाचता येतो, म्हणून शुक्ल तृतीयेपासून दशमीपर्यंतचा काळ सूर्य-चंद्रांतरासाठी सोयीचा. दुपारी सूर्य पश्चिमेकडे कलू लागतो आणि चंद्र पूर्वेकडून वर चढलेला असतो. दुर्बिणीतून चंद्राकडे पाहायचे, सूर्याचे प्रतिबिंब गडद काचांमधून आरशात आणायचे आणि दोघांच्या कडा एकमेकींना नुसत्या स्पर्श करतील इतका काटा फिरवायचा. यंत्र दोन्ही बिंबांच्या पातळीत तिरके धरावे लागते आणि मनगट किंचित हलवत राहावे लागते, म्हणजे एक कड दुसरीला चाटून जाते; त्या चाटण्यातच मोजमाप असते. चंद्राची उजळ बाजू नेहमी सूर्याकडेच असल्यामुळे इथे कोणती कड घ्यायची हा प्रश्न येत नाही. दोघांच्या जवळच्या कडा जुळवायच्या आणि मागाहून दोन्ही बिंबांच्या त्रिज्या, साधारण सोळा-सोळा कला, त्या कोनात मिळवायच्या. एका वाचनावर विसंबायचे नाही. पाच-सहा वाचने लागोपाठ घ्यायची, प्रत्येकाची वेळ टिपायची आणि सरासरी काढायची. त्याआधी आरशांचा शून्यदोष, म्हणजे कोन शून्य असताना यंत्र दाखवते तो आकडा, पाहून ठेवायचा, कारण यंत्र उन्हात तापले की तो बदलतो. गच्चीवर पाण्याच्या टाक्यांमागची सावली मला म्हणूनच प्रिय आहे. गच्चीची किल्ली सांभाळणाऱ्या वॉचमनची अशी ठाम समजूत आहे, की मी मोबाईल टॉवरची तक्रार करण्यासाठी काहीतरी मोजतो आहे. त्याचा गैरसमज मी दूर केलेला नाही, कारण त्यामुळे किल्ली लगेच मिळते.

यानंतर येते ती शुद्धी. माझ्या मते या पद्धतीचे सारे सौंदर्य तिच्यात आहे आणि नाविकांनी तिचा धसका घेतला तोही तिच्यामुळेच. छापील कोष्टकातले अंतर पृथ्वीच्या मध्यबिंदूतून पाहणाऱ्या माणसासाठी असते, आणि आपण उभे असतो पृष्ठभागावर. सूर्य इतका दूर आहे की त्याला या फरकाचे काही वाटत नाही, पण चंद्र जवळ असल्यामुळे तो आपल्याला असायला हवा त्यापेक्षा खाली दिसतो. क्षितिजावर हा फरक, ज्याला आपल्या ज्योतिषात लंबन म्हणतात, 54 ते 61 कलांपर्यंत असतो आणि चंद्र जसजसा वर चढतो तसतसा तो कमी होतो. दुसऱ्या बाजूला हवेतून येताना प्रकाश वाकतो आणि दोन्ही गोल असतात त्यापेक्षा वर दिसतात. क्षितिजापाशी हे वक्रीभवन सुमारे 34 कला, तर 45 अंश उंचीवर जेमतेम एक कला असते. म्हणजे चंद्र खाली ढकललेला, सूर्य किंचित वर उचललेला, आणि आपण मोजलेले अंतर या दोन ढकललेल्या बिंबांमधले.

सुटकेचा मार्ग एकाच निरीक्षणात आहे. या दोन्ही चुका फक्त उभ्या दिशेत होतात. लंबन असो की वक्रीभवन, ते गोलाला वर-खाली सरकवते, डावी-उजवीकडे जवळजवळ नाहीच. म्हणून डोक्यावरचा बिंदू, चंद्र आणि सूर्य यांचा गोलावर जो त्रिकोण होतो, त्याचा डोक्यावरचा कोन चुका काढण्यापूर्वी आणि काढल्यानंतर तोच राहतो. आधी दिसणाऱ्या उंचींवरून आणि मोजलेल्या अंतरावरून तो कोन काढायचा, मग दुरुस्त केलेल्या उंची घेऊन त्याच कोनावरून खरे अंतर परत बांधायचे. एवढीच युक्ती आहे.

सोयीसाठी एक उदाहरण घेऊ. चंद्राची दिसणारी उंची 35 अंश, सूर्याची 40 अंश, दोघांच्या मध्यांमधले मोजलेले अंतर बरोबर 75 अंश आणि त्या दिवशीचे चंद्राचे क्षितिजलंबन 58 कला. चंद्राच्या उंचीत लंबनाच्या साडेसत्तेचाळीस कला वाढवायच्या आणि वक्रीभवनाची जवळपास दीड कला वजा करायची. सूर्याच्या उंचीतून सुमारे एक कला कमी करायची. वरच्या त्रिकोणातून हिशेब केला की खरे अंतर येते 74 अंश 32 कला. 28 कलांचा फरक पडला. शुद्धी न करता 75 अंशच कोष्टकात शोधले, तर वेळ सुमारे 55 मिनिटांनी आणि रेखांश चौदाएक अंशांनी चुकेल. शुक्ल पक्षात अंतर वाढत असते, म्हणून नेरुळची गच्ची ओमानच्या किनाऱ्याच्या रेखांशावर जाईल. कृष्ण पक्षात ते घटत असते, म्हणून तीच गच्ची ओडिशाच्या किनाऱ्याच्या रेखांशावर सापडेल. आमच्या सोसायटीला दोन्हीकडे समुद्रच मिळेल, ही त्यातल्या त्यात समाधानाची बाब.

उंची क्षितिजाशिवाय कशा मिळवल्या, असे कोणी विचारील. बोटीवर त्या मोजाव्या लागत, आणि एकाच वेळी तिघांनी तीन सेक्स्टंट धरण्याची पद्धत होती. माझे अक्षांश-रेखांश मला ठाऊक असल्याने मी प्रश्न उलटा करतो. अंदाजे वेळ धरून दोन्ही उंची गणिताने काढतो, अंतर शुद्ध करतो आणि त्यावरून ग्रीनिचची वेळ शोधतो. वेळ शोधायला वेळच धरावी लागते, हे वर्तुळात फिरणे वाटेल. पण उंचीतल्या लहानशा चुकीचा शुद्धीवर फारच थोडा परिणाम होतो, त्यामुळे एक-दोन फेऱ्यांत आकडा स्थिरावतो. चांगल्या दुपारी मोबाईलच्या वेळेशी एखाद्या मिनिटाचा फरक राहतो. धुरकट हवेत, विशेषतः पाऊस जाऊन बांधकामांची धूळ उठू लागली की, त्याहून पुष्कळ अधिक.

ही पद्धत 1514 मध्ये योहानेस वेर्नर याने सुचवली, पण चंद्र कुठे असेल हे पुरेशा अचूकपणे कोणालाच सांगता येत नसल्यामुळे ती सुमारे अडीचशे वर्षे कागदावरच राहिली. ते काम केले गटिंगेनच्या टोबियास मेयर या गणितज्ञाने. 1755 मध्ये त्याने आपली चंद्रकोष्टके इंग्लंडला पाठवली, 1762 मध्ये तो वारला आणि समुद्रावर रेखांश शोधण्यासाठी इंग्लंडने ठेवलेल्या बक्षिसातले 3,000 पौंड 1765 मध्ये त्याच्या विधवेला मिळाले. मेयरने ही पद्धत ज्याला हाताला धरून शिकवली तो कार्स्टेन नीबूर डॅनिश राजाच्या अरबस्तान मोहिमेबरोबर 1761 मध्ये निघाला आणि 1763 मध्ये मुंबईत उतरला. सोबती एकामागून एक तापाने गेले. मोहिमेतून परत पोचला तो एकटा नीबूर. मुंबईच्या मुक्कामात त्याने घारापुरीच्या लेण्यांची मापे घेतली आणि चित्रे काढली. स्वच्छ हवेत आमच्या गच्चीवरून नैऋत्येला घारापुरीच्या टेकड्या दिसतात. मेयरचा हा शिष्य तिथे खांब मोजत होता, हे कळल्यापासून त्या दिशेला सेक्स्टंट वळवताना मला थोडी सलगी वाटते.

इतिहास सांगणारे या विषयाला घड्याळजी हॅरिसन विरुद्ध खगोलशास्त्री मॅस्केलिन अशा झुंजीचे रूप देतात. एकीकडे गरीब, जिद्दी कारागीर आणि दुसरीकडे चंद्राचा हट्ट धरलेला, खुनशी राजज्योतिषी. मला हे पटत नाही. हॅरिसनचे घड्याळ अपूर्व होते यात वाद नाही, पण त्याची केंडॉल या घड्याळजीने केलेली नक्कल, जी दर्यावर्दी कॅप्टन कुकने दुसऱ्या सफरीत नेली, तिला 450 पौंड पडले होते. असे घड्याळ सगळ्या बोटींवर कुठून येणार? शिवाय एकटे घड्याळ महिनोन्महिने समुद्रावर असताना पुढे गेले की मागे पडले, हे विचारायचे कोणाला? चंद्रालाच. कुकने 1768 मध्ये सुरू केलेल्या पहिल्या सफरीत असे घड्याळ नव्हतेच. तो आणि खगोलज्ञ चार्ल्स ग्रीन चंद्रांतरेच मोजत होते. मॅस्केलिनने 1761 मध्ये सेंट हेलेनाच्या वाटेवर ही पद्धत स्वतः वापरून पाहिली आणि मग ती साध्या खलाशाच्या हाती देण्यासाठी 1767 या वर्षापासूनचे नाविक पंचांग सुरू केले. त्यात दर तीन तासांनी चंद्राचे सूर्यापासूनचे आणि निवडक ताऱ्यांपासूनचे अंतर छापलेले असे. पूर्वी चार तास खाणारे गणित त्यामुळे अर्ध्या तासाच्या आसपास आले.

ते चार तास नाहीसे झाले नव्हते. ते किनाऱ्यावर दुसऱ्यांच्या घरी गेले होते. मॅस्केलिनने इंग्लंडभर विखुरलेले गणक नेमले. शाळामास्तर, सर्वेक्षक, पाद्री अशी ही माणसे आपापल्या घरी बसून आकडे काढत आणि टपालाने पाठवत. एकाच महिन्याचे गणित दोघांनी स्वतंत्रपणे करायचे आणि तिसऱ्याने ते ताडून पाहायचे, असा नियम होता. एकदा दोन गणकांनी एकमेकांचे आकडे उतरवल्याचे पडताळणाऱ्याने पकडले आणि दोघांचेही काम गेले. लडलो गावची मेरी एडवर्ड्स ही यांतली एक. काम नवऱ्याच्या नावावर होते, पण 1784 मध्ये नवरा वारल्यावर ते पुढे तसेच चालू राहिले, तेव्हा आकडे मुळात कोण काढत होते ते उघड झाले. तिच्यानंतर तिची मुलगी एलायझा हेच काम करीत राहिली. 1832 मध्ये सगळे गणित लंडनच्या कचेरीत एकवटले आणि तिचे काम संपले.

या माणसांविषयी वाचताना मला कोकणातल्या नांदगावचे गणेश दैवज्ञ आठवतात. मुरूडजवळच्या या समुद्रकाठच्या गावात त्यांनी 1520 मध्ये ‘ग्रहलाघव’ रचले आणि त्यातून ज्या-कोज्यांचे (साइन-कोसाइनचे) सगळे जंजाळ काढून टाकले. साध्या गुणाकार-भागाकारावर ग्रह काढता यावेत, अशी सोय केल्यामुळे गावोगावचे जोशी पुढची कित्येक शतके त्याच्यावर पंचांग करीत राहिले. काटेकोरपणात मेयरच्या कोष्टकांची सर त्याला नाही, आणि हेतूही वेगळा होता. पण अवघड गणित एकाने एकदा करून ठेवावे आणि बाकीच्यांना बेरीज-वजाबाकी उरावी, ही बुद्धी तीच. समुद्रावरची चंद्रांतरे याच बुद्धीवर चालली.

ज्याच्याकडे पैसा कमी त्याला चंद्र शेवटपर्यंत उपयोगी पडला. जोशुआ स्लोकम हा खलाशी शिडाच्या बोटीतून एकटा जगप्रदक्षिणेला निघाला तेव्हा त्याच्या क्रोनोमीटरच्या, म्हणजे बोटीवरच्या अचूक घड्याळाच्या, दुरुस्तीला 15 डॉलर लागणार होते, म्हणून त्याने तो घरीच ठेवला आणि काच फुटलेले पत्र्याचे घड्याळ एका डॉलरला घेतले. 1896 मध्ये पॅसिफिकच्या मध्यावर त्याने चंद्रांतर घेतले. उत्तर अंदाजाशी जुळेना, म्हणून गणित पुन्हा तपासले, तेव्हा चूक छापील कोष्टकात निघाली. तोपर्यंत बड्या बोटींवर क्रोनोमीटर स्वस्त आणि एकाहून अधिक असत, आणि चंद्रांतर परीक्षेपुरते उरले होते. ब्रिटिश नाविक पंचांगाने ही कोष्टके 1906 पर्यंत छापली आणि मग बंद केली. त्याच वर्षी हिंदुस्थानात प्रमाण वेळ लागू झाली. तिच्या हिशेबाने नेरुळचा स्वतःचा मध्यान्ह आता घड्याळात साधारण 38 मिनिटे उशिरा होतो.

करावेच्या नौकानयन शिक्षणसंस्थेतल्या मुलांना सेक्स्टंट आजही शिकवतात, कारण आंतरराष्ट्रीय नियमांत खगोलीय नौकानयन कायम आहे. चंद्रांतर मात्र कुणी शिकवत नाही आणि शिकवायची गरजही नाही, कारण साध्या क्वार्ट्झ घड्याळाने तो प्रश्न मिटवला आहे. कॅप्टनसाहेबांनीही बोटीवर ते कधी केले नव्हते. आता मात्र ते माझ्या आकडेमोडीच्या कागदावर लाल पेनने खुणा करतात आणि कॅल्क्युलेटर न वापरता लॉग टेबलवरच सगळे करावे, असा आग्रह धरतात.

दुपारची मोजणी जमू लागल्यापासून आम्ही ताऱ्यांकडे वळण्याच्या तयारीत आहोत. नाविक पंचांगाने चंद्राच्या वाटेवरचे नऊ तारे निवडले होते. आपल्या लोकांनी नक्षत्रे निवडली तीही याच वाटेवरची, त्यामुळे यादी फारशी परकी वाटत नाही. रोहिणी, मघा, चित्रा, ज्येष्ठा आणि श्रवण हे तर आहेतच. पुनर्वसूतला एक, पूर्वा भाद्रपदेतला एक, मेष राशीतला हमाल आणि दक्षिणेकडचा मीनास्य हे उरलेले चार. न्हावा-शेव्याच्या दिव्यांचा उजेड नैऋत्येचे आकाश पांढरे करून टाकतो, पण चित्रा आणि ज्येष्ठा त्यातूनही दिसतात. ताऱ्याच्या बाबतीत कोणती कड घ्यायची, हे आधी ठरवावे लागते. पौर्णिमेपूर्वी चंद्राची पश्चिमेकडची कड उजळ असते. तारा चंद्राच्या पश्चिमेला असेल तर ती जवळची कड होते आणि चंद्राची त्रिज्या मिळवायची. तारा पूर्वेला असेल तर तीच कड दूरची होते आणि त्रिज्या वजा करायची. पौर्णिमेनंतर हे सगळे उलट. कॅप्टनसाहेबांनी हे एका पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत लिहून सेक्स्टंटच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवले आहे.